जयदेवचं शेवटचं पान

४ जुलै १९९९, रवि., मुर्री
दिवाळी अंकासाठी लढाईची कथा मागितली आहे. २० तारखेची मुदत. नायक जयदेव, एकोणीस वर्षांचा शिपाई. शेवटी गोळ्यांच्या माऱ्यात धावत सुटतो, ओठांवर शाळेतली कविता, आणि पडतो. लिहिताना माझेच डोळे भरले. सौ.ला वाचून दाखवलं.
"लढाईत कविता कोण म्हणते जी? जेवून घ्या आधी."

६ जुलै
सायत्राबाई आली. आपली धानाची बांधी तीच करते. मुलगा हिरामण सध्या सीमेवर, शाळेत माझ्याच वर्गात होता. त्याला धाडायची पत्रं मीच लिहून देतो. आजचं झाल्यावर म्हणाली, "आनखी काय लिवून रायले जी?" मी हौसेनं कथा वाचली. जयदेवच्या हनुवटीवरच्या व्रणापाशी तिनं मला थांबवलं.
"हा तं आमचा हिरामन होय."
नाही म्हटलं. काल्पनिक आहे, म्हटलं. शेवट ऐकून उठलीच.
"मंग मारता कायले त्याले? तो जित्ता हाये तिकडं."
चहा तसाच राहिला. व्रण हिरामणचाच. लिहिताना लक्षात आलं नव्हतं? आलं असावं.

१० जुलै, शनि.
बांधीवर गेलो. धानाचा रोवणा चालू आहे, बाया ओळीनं वाकलेल्या. सायत्राबाई मान वर न करता बोलली, "तुमचा जयदेव धावते कसा? हिरामन नाही धावत. बाप साप डसून मेला, तवापासून काठीनं पायल्याबिगर पाय नाही टाकत. आन भेला का हासते. लहानपनी रडला का बाप मारे."
"गुरुजी बी मारे!" पलीकडून कुणीतरी. सगळ्या हसल्या. मीही हसलो.
सातवीत कविता पाठ नव्हती म्हणून त्याला उभं केलं होतं. हसत होता. उद्धट समजून आणखी दोन छड्या दिल्या. म्हणजे तेव्हा तो...

१४ जुलै
जयदेव नव्यानं लिहिला. आता धावत नाही. काठीनं जमीन चाचपत चालतो. भ्यायला की हसतो, सोबतचे चिडतात. कविता काढून टाकली. जड गेलं. पण ती गेल्यावर त्याला मारणंही जमेना. इतकं जपून पाऊल टाकणारा मुलगा, मरेल तो कसा?
गोंदियाला संपादकांना फोन केला. "गुरुजी, हीरो वापस आ गया तो कहानी में बचा क्या? शहीद पाहिजे." ठेवून दिला.

१८ जुलै, रवि.
सायत्राबाई. तीन आठवडे हिरामणचं पत्र नाही. त्याबद्दल बोलली नाही. खाली बसत म्हणाली, "जयदेव कोठवर आला?"
वाचलं. उतारावर बसला आहे, बूट काढून.
"बूट घालाले लावा. थंडी रायते तिकडं."
तिच्यासमोर ओळ खोडून घातले.
"आन मंग?"
पुढचं पान कोरं. सुचलं नाही, म्हटलं.
"मंग नोका लिवू आज. पत्र येऊ द्या."
कथा उद्या टपालात पडायला हवी. तिला तसं सांगितलं.  मी पेनाला टोपण लावलं. तरी ती उठेना.