पुराव्याचा टॉवेल

सोलापूर, ९ डिसेंबर

प्रिय अण्णा,

तीन वर्षं पत्र नाही, फोन नाही. माफ कर.

तरुणांनी दहशतवादाकडे वळू नये म्हणून मी जागोजागी बोलत फिरतो, हे तुला माहीत आहेच. आज एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात लक्षणं सांगितली: माणूस घरच्यांशी बोलणं तोडतो, एकच जुना अपमान उगाळतो, दुसरी बाजू ऐकत नाही.

मागून एक बाई म्हणाली, "सर, असा माणूस घावला तर काय करायचं?"

"आपणहून बोलायचं."

"मग तुमी अण्णास्नी कदी बोलताय? पुतणीच्या, सिद्धेश्वरीच्या लग्नात टोपी दिली न्हाय म्हणून रुसलाय की!"

ती वहिनींची मावसबहीण काशम्मा निघाली. सगळे हसले. आहेरात टॉवेल-टोपी दोन्ही देतात, मला नुसता टॉवेल मिळाला, असा खुलासा मी केला. व्याख्यान पंधरा मिनिटांचं होतं, खुलासा वीस मिनिटं चालला.

तो टॉवेल मी पुरावा म्हणून कपाटात ठेवला होता, घडीही न मोडता. हे लिहिताना आज पहिल्यांदा उघडला. आत टोपी होती.

आता हे पत्र टाकण्यात अर्थ नाही.

तुझा धाकटा,
मल्लिनाथ

उद्या: टोपी घालून अक्कलकोटला अण्णाकडे जाणे.