खरवडलेला चेहरा

९ मार्च
सकाळी अण्णांच्या घरी पहिली बैठक. चादरींचे व्यापारी, पंच्याहत्तरी आलीय. मुलाला दुकानात लावायला ऑइल पोर्ट्रेट हवंय. कोट, फेटा, कपाळाला विभूती. तीस वर्षं मी मेलेल्या माणसांचे फोटो बघून चेहरे रंगवले, समोर जिवंत माणूस बसवायची सवयच मोडलीय. अण्णा मिनिटभर गप्प नाहीत. पाठ धरली.

१२ मार्च
कोट झाला. मंगळवेढ्याच्या एसटीत चादरींचं गाठोडं विसरल्याचं पुराण तिसऱ्यांदा. ओठ रंगवू कधी? शेवटी मोबाइलवर फोटो काढून घेतला. चेहरा आता घरीच. फोटो बोलत नाही, हलत नाही.

१५ मार्च
चेहरा पुरा. हात आपोआप चालतो. डोळे चुरचुरतात. कंटाळा.

१६ मार्च
दाखवायला नेलं. मुलगा खूश. "सेम टू सेम!" अण्णांच्या पत्नी, वहिनी, आतून हात पुसत आल्या. चित्र बघितलं आणि नकळत हात जोडले. मग शेजारी उभ्या अण्णांकडे बघून रडूच फुटलं त्यांना. "गेलेल्या माणसागत काढलंय हो तुमी."
अण्णा हसले. "ऱ्हाऊ द्या की. फुडं कामाला येतंय."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅनव्हास परत आणला.

१७ मार्च
दिवसभर बघत बसलो. वहिनींचं खरं आहे. घराघरांत हार घालून टांगलेत ते सगळे माझेच, आणि सगळ्यांची नजर हीच. जिवंत माणूस आता जमतच नसेल तर? या वयात हे कळायचं...
संध्याकाळी सुरीने चेहरा खरवडला. रंग ओलाच होता.

१८ मार्च
पुन्हा अण्णांसमोर.
"तोंड कुटं गेलं?"
"काढून टाकलं."
"बरं केलं. मग आज गप बसू व्हय?"
"नको. बोला."
एसटी, गाठोडं, कंडक्टर. गाठोडं सापडलं तिथं आले की त्यांचा डावा डोळा बारीक होतो. चार वेळा ऐकलं, दिसलं आज. दोन तासांत तेवढा एक डोळा झाला.
वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या. "बगू का?"
"आज नको, वहिनी."
भीती वाटली, दुसरं काही नाही. त्यांचे हात पुन्हा जोडले गेले असते तर... उजवा डोळा उद्या.