कॅप्टनच्या कपाळावरचं कुंकू

रेडमंड, नोव्हेंबर २००६

प्रिय नकुल,

मराठी वाचताना तू अडखळतोस, ठाऊक आहे. अडखळतच वाच. तिकडे इराकमध्ये तेवढा वेळ तरी माझा आवाज तुझ्याजवळ राहील.

लायब्ररीसमोरच्या बागेतला कॅप्टन व्हिटकमचा पुतळा आठवतो? लहानपणी तू त्याची काठी धरून लोंबकळायचास. परवा त्याची सगळी हकिकत वाचली. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुडघ्यात गोळी लागली. घरच्यांनी आशा सोडली, आणि हा पठ्ठ्या काठी टेकत दारात हजर! मग इकडे येऊन लाकूड कापायची गिरणी काढली, पैसा केला, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. तिथे मालकांचीच री ओढेल असं सगळ्यांना वाटलं, तर यानं गिरणीत बोटं गमावलेल्या मजुरांसाठी भरपाईचा कायदा मागितला. हरला. पुन्हा मागितला. हट्टी माणूस, तुझ्यासारखा.

गेल्या महिन्यात कुणीतरी त्याच्या कपाळाला लाल रंग फासला म्हणून गावात ओरड झाली. बघायला गेले तर रंग कसला, कुंकू! टोपीच्या कडेखाली होतं म्हणून पावसातून वाचलेलं. वर अक्षता, पायाशी करवंटी. मला वाटलं, हे आपल्या उल्कामावशीचे उद्योग. तिला चांगलं झाडलं, तर ती बिचारी शपथेवर नाही म्हणाली. मग शनिवारी भाजी ठेवायला बाबांच्या गाडीची डिकी उघडली. आत नारळाच्या शेंड्या आणि माझीच कुंकवाची डबी.

तुझे बाबा, नकुल! आरती सुरू झाली की अंगणात जाऊन उभे राहणारे. तू सैन्यात गेलास तेव्हापासून तुझं नाव न काढणारे. तुझा फोन आला की उठून जातात, पण जिन्यातच थांबतात, मला दिसतं ना. मी विचारलं तर आधी चिडले. मग म्हणाले, देवाबिवाचं आपल्याला माहीत नाही, पण हा माणूस लढाईवरून घरी परत आला होता. एवढंच बोलले आणि रडायला लागले. मग मीही रडले.

ते स्वतः कधी लिहायचे नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. त्यांनी कॅप्टनला नवस बोललाय, की पोरगा आला की त्याच्या हातून पाच नारळ फोडवीन. बोललेला नवस अंगावर ठेवू नये, बाळा. तेव्हा तुलाच यावं लागणार. काठी टेकत ये, लंगडत ये, पण ये.

फोनची वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
तुझीच
आई