रंगारणीची लेक

अब्बा, तुम्ही गेलात त्याला आता एकवीस वर्षं झाली. ज्या मस्कतला तुम्ही बाजारात मांडी घालून ओमानी लोकांचे पांढरे पायघोळ झगे, दिशदाशा, शिवल्यात, तिथंच आता मीही शिवणावर पोट भरते. माबेलाला राहते, सकाळी कंपनीच्या बसनं रुसैलला जाते. हॉटेलांच्या चादरी आणि पडदे शिवणारा कारखाना आहे. मागच्या महिन्यापर्यंत मी तिथं बायकांच्या लाइनवर सुपरवायझर होते. ते पद का गेलं हे घरी सांगून झालं आहे, पण जसं सांगितलं तसंच ते घडलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आमच्या इस्त्रीच्या टेबलावर एक नायजेरियाची बाई आहे. सगळे तिला ‘आफ्रिकन’ म्हणायचे, मीही. उंच, माझ्याच वयाची, डोक्याला कायम गडद निळं कापड गुंडाळलेलं, त्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, नायजेरियात कुठली? तिनं डबा बाजूला सारला आणि सांगायला लागली. ती योरुबा, पण योरुबांतही एग्बा. त्यांची जुनी गावं रानात होती. लढायांत ती उद्ध्वस्त झाली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली आणि एका प्रचंड खडकाच्या आसऱ्याला येऊन राहिली. त्या शहराचं नाव अबेओकुटा, म्हणजेच खडकाखाली. पण तिथंही प्रत्येक मोडलेल्या गावानं आपली वेगळी वस्ती केली, आपला मुखिया ठेवला, नाव सोडलं नाही. “अजून आमची म्हातारी माणसं विचारतात, तुझं जुनं गाव कुठलं? ते गाव आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नसतं. पण उत्तर आलं नाही तर मान खाली जाते.” डोक्यावरचं कापड तिच्या आईच्या हातचं होतं. आई रंगारीण. आपल्याकडे ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याच्याच पिठाची खळ शिजवायची, कोंबडीच्या पिसानं कापडावर नक्षी काढायची, मग निळीच्या रांजणात बुडवायचं. खळीखाली पांढरं राहतं, बाकी सगळं निळं.

मग तिनं विचारलं, “आणि तुम्ही कोण?” मी म्हणाले, “इंडियन.” ती हसली. “ते तर व्हिसावर लिहिलेलं असतं.”

डोळ्यांपुढे आपल्या गावच्या घराचं स्वयंपाकघर आलं. तुम्ही रजेवर आला आहात, चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी थापता आहात, हात पिठानं भरलेले. मुंबईची पाहुणेमंडळी आली आहे आणि मी त्यांच्यादेखत तुम्हाला हाक मारते, “अब्बा, ज़रा इधर आइए.” आपल्या घरात गावची बोली सोडून कुणी कधी असं उर्दूत बोललं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलंत, “कोणाला लाजतेस गो?” आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मस्कतहून आणलेली नवी कात्री न बोलता माझ्यापुढे ठेवलीत.

त्या जेवणाच्या सुट्टीनंतर महिनाभरात हॉटेलच्या पांढऱ्या चादरी परत आल्या. कडेला फिकट निळे डाग. मॅनेजर चादर घेऊन सरळ इस्त्रीच्या टेबलापाशी गेला आणि तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं. “इसका कलर है. बाल्टी लाओ.” सगळी मशिनं थांबली. तिनं स्वतःच कापड सोडलं आणि स्वतःच बादलीत बुडवलं. “माझ्या आईनं रंगवलंय. रंग जाणार नाही,” ती म्हणाली. आम्ही सगळ्या पाण्याकडे बघत होतो. बराच वेळ पाणी स्वच्छ राहिलं. मग मॅनेजरनं ते पिळायला लावलं आणि पाण्यावर अगदी पुसट निळसर झाक आली. बघणाऱ्यानं बघितली तर दिसावी, नाही तर नाही. “खलास,” तो म्हणाला. मला म्हणाला, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे, हिचा व्हिसा कॅन्सल.

अब्बा, तो डाग कशाचा, हे मला पहिली चादर पाहतानाच कळलं होतं. दुमड घालायच्या खुणा आम्ही पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनानं करतो. त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, मगच इस्त्री फिरवायची, नाहीतर उष्णतेनं रेघ पक्की होते. ऑर्डरची घाई होती. “पुसत बसू नका, यल्ला, लवकर चला, तशीच इस्त्रीला पाठवा,” असं मीच सांगितलं होतं.

तरी मी रिपोर्ट लिहिला. ती माझ्या टेबलापाशी आली, उघड्या डोक्यानं, ओलं कापड हातात. तिनं कागद वाचला. ‘आफ्रिकन कामगार महिलेच्या कपड्याचा रंग लागून’ या ओळीवर बोट ठेवलं.

“आफ्रिकन खोड. एग्बा लिही. बदनामी करतेस तर कुणाची ते नीट लिही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “नोकरी गेली तर जाऊ दे. पण रंगारणीच्या लेकीच्या कापडानं रंग सोडला, हे तिकडे अबेओकुटात माझ्या गल्लीत कळलं तर मी कोणत्या तोंडानं जाऊ? आणि तुला खरं माहीत आहे. माझ्याकडे बघ.”

माझ्याच्यानं बघवलं नाही. मी पांढरी चिंधी घेतली, निळी रेघ ओढली, तिच्याच इस्त्रीनं दाबली, आणि ती चिंधी मॅनेजरच्या केबिनमध्ये त्याच्यासमोर पाण्यात चोळली. रेघ हलली नाही. “न पुसता पाठवायला कुणी सांगितलं?” त्यानं विचारलं. मी म्हणाले, “मी.” दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा मशिनवर बसते. ती इस्त्रीवरच आहे. तिनं माझे आभार मानले नाहीत. बसमध्ये मान हलवते, तेवढंच.

घरी मी सगळं सांगितलं. तुमची नात गळ्यात पडली, म्हणाली, “अम्मी, यू आर सो ब्रेव्ह.” तिला सांगितलं की रिपोर्ट लिहिता लिहिता माझा हात अडला. हात अडला नव्हता, अब्बा. ती टेबलापाशी आली तेव्हा कागदाखाली माझी सही होऊन गेली होती. ती तिनं पाहिली. कागद मी नंतर फाडला, आणि तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहायची हिंमत झाली.