शर्मिष्ठा यानाच्या परतीबाबत

मी, प्रेमा गुणाजी नाबर, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला आमचे डॉक्टर ओजस पाटणकर यांनी दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला, आणि मी सांगितल्यावर मोबाइलमध्ये बघून स्वतःची खात्री करून घेतली. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. एकाने आणून पाहिलं, त्याचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. मुलुंडचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी पुतणी जान्हवी हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती वकील आहे; यातल्या कायद्याच्या चुका तिच्या आणि शुद्धलेखनाच्या माझ्या.

२. माझा मराठी टाइपरायटर शेजारचे राजेश धुरी यांना द्यावा. इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्याचा खडखडाट त्यांनी सोसला. तो कायमचा बंद ठेवण्याचा मान त्यांचाच.

याच यंत्रावर मी ‘मुक्काम शर्मिष्ठा’च्या कादंबऱ्या लिहिल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८९ साली टीव्हीवर दर रविवारी सकाळी शर्मिष्ठा नावाचं यान सूर्यमालेबाहेर प्रवास करत असे. प्रत्यक्षात ते मालाडच्या एका गोदामात उभं होतं आणि थर्माकोलचं होतं. निर्माते केतन दलाल आधी लग्नांचं शूटिंग करत. मालिकेची पुस्तकंही निघावीत असं त्यांच्या मनात आलं, आणि विक्रोळीच्या कारखान्यात टायपिस्ट असलेली मी त्यांना कुणीतरी सुचवली.

‘प्रेमाबेन, टीव्हीवर जे दिसतं तेवढंच लिहायचं,’ ते म्हणाले.

टीव्हीवर थर्माकोल दिसायचा. मी अंतराळ लिहिलं. पुस्तकं खपू लागल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

३. या कादंबऱ्यांचा माझ्याकडचा संच आमच्या वॉर्डातल्या वाचनालयाला द्यावा. उघड्या फळीवर ठेवावा, कपाटात कुलपाआड नको.

या संचातला अर्धा भाग कधी टीव्हीवर आलाच नाही. त्याचं कारण असं की पैसे पुरवणाऱ्या साबण कंपनीने हात काढून घेतला आणि मालिका मधेच बंद पडली. यान तेव्हा पृथ्वीपासून सगळ्यात लांब होतं. पण केतनभाईंनी सगळी मुखपृष्ठं एकदम छापून घेतली होती, स्वस्त पडतात म्हणून. ‘वाया कशाला घालवायची? तुम्हीच रचा काहीतरी,’ ते म्हणाले. म्हणून यानाचा परतीचा प्रवास मी मुखपृष्ठांकडे बघून रचला. एका मुखपृष्ठावरच्या फोटोत यानाची कप्तान उल्का हिच्या हाताला प्लास्टर आहे. कप्तानचं काम करणारी रुचिरा पडवळ कांदिवलीत स्कूटरवरून पडली होती. त्या प्लास्टरपायी मला एक आख्खा ग्रह आणि त्यावर एक भूकंप निर्माण करावा लागला. शेवटच्या पुस्तकात मात्र मी यान घरी आणलं. वाट बघणाऱ्या मुलांची पत्रं यायची. त्यांना थर्माकोल संपला असं कळवणं मला जमलं नसतं.

४. माझे थोरले बंधू कै. प्रा. मधुकर नाबर घाटकोपरला मराठी शिकवत आणि समीक्षा लिहीत. गणपतीला सगळे जमले की ते म्हणत, ‘आमची प्रेमा लेखन करत नाही, टंकलेखन करते.’ सगळे हसायचे. मोदक वाढता वाढता मीही हसायचे. शेवटच्या वर्षी दादांची नजर गेली तेव्हा मी त्यांना वाचून दाखवायला जाऊ लागले. ते सांगत ते ग्रंथ मी वाचायचे आणि ते झोपायचे. एकदा दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून पिशवीतली शर्मिष्ठा काढली. प्रकरण संपलं, मी थांबले.

‘पुढे?’ दादा म्हणाले.

असं करत सगळा संच वाचून झाला. शेवटचं पान दादांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, ‘या पानावर काळोख हा शब्द फार वेळा आलाय.’ मी घरी येऊन पाहिलं. खरंच आला होता. त्याच आठवड्यात दादा गेले.

त्यांनी मला भेट दिलेले त्यांचे समीक्षाग्रंथ त्यांचा मुलगा अनय याला द्यावेत. वाचलेच पाहिजेत अशी अट नाही.

५. केतनभाईंवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही, तो बरोबर नेते. पुस्तकांवर माझं नाव मुंगीएवढं होतं, त्याबद्दल हा राग नाही. मालिकेच्या मूळ टेपांवर त्यांनी पुन्हा लग्नं भरली, त्याबद्दल आहे. शर्मिष्ठा जिथे धूमकेतूच्या शेपटीतून जाते तिथे आता बोरिवलीतल्या कुणाचे तरी फेरे चालले आहेत. मालिका कशी होती हे आज फक्त माझ्या पुस्तकांवरून कळतं.

६. केतनभाईंच्या पश्चात, गेल्या दिवाळीत, त्यांचा मुलगा विकी घरी आला. त्याला मालिका नव्याने करायची आहे. त्याच्याकडे करार होता, गोष्ट नव्हती. करारानुसार टीव्हीवर दाखवलेल्या भागांवर दलालांचा हक्क आहे. न दाखवलेल्या भागांबद्दल त्यात अवाक्षर नाही, कारण तेव्हा ते कुणालाच नको होते. जान्हवीच्या मते यानाचं जाणं विकीचं आणि येणं माझं.

‘आंटी, आमच्या टीमचं म्हणणं आहे की यान परत यायलाच नको,’ विकी म्हणाला.

‘मग ती माणसं कुठे जातात?’

‘कुठेच नाही. फिरत राहतील. सीझन वाढवता येतात ना.’

मी नाही म्हटलं. त्यानंतर मिठाई आली, मग वकिलाची नोटीस आली, मग पुन्हा मिठाई आली. तेव्हा स्पष्ट लिहिते. परतीच्या सर्व कादंबऱ्यांचे हक्क जान्हवीने सांभाळावेत. विकीसह कुणालाही त्यांवर मालिका करू द्यावी, मात्र यान परत आलं पाहिजे, आणि परतीच्या भागांत कप्तान उल्काचं काम रुचिरा पडवळ हिलाच दिलं पाहिजे.

मालिका बंद झाल्याचं रुचिराला कुणी कळवलंच नव्हतं. ती मेकअप करून गोदामात बसून राहिली आणि शेवटी यानाचे तुकडे टेम्पोत भरायला तिनेच हात लावला. पुढे तिने बालवाडी चालवली. कांदिवलीच्या बाजारात भाजीवाले तिला अजून कप्तान म्हणतात. माझं शेवटचं पुस्तक तिने उघडलेलं नाही. ‘शूटिंगच्या आधी शेवट कशाला वाचू?’ असं म्हणते.

ही अट मी विकीला तोंडी सांगितली होती.

‘आंटी, त्या सत्तरीला आल्यात,’ तो म्हणाला.

‘यान इतकी वर्षं प्रवासात आहे. कप्तान तरुण कशी राहील?’

तो टीमला विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारतो आहे.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून रुचिराला आज बाहेरच्या खोलीत बसवलं आहे. पण मी मजकूर मोठ्याने वाचला आणि दार उघडं होतं.  बाहेरून ती म्हणाली, ‘प्रेमा, शेवटच्या सीनला डायलॉग आहे का गं?’

‘एकच आहे.’

‘सांग. पाठ करून ठेवते.’

मी सांगितला. ‘आले मी. आधी पाणी द्या.’

तिने तो एकदा म्हणून पाहिला. दुसऱ्यांदा अशी म्हणाली की खालच्या मजल्यावरच्या माणिकताई, ज्या सहीसाठी पेन हातात घेऊन बसल्या होत्या, उठून पाणी आणायला गेल्या. त्या आता परत आल्या आहेत. एवढी भर घालून आम्ही सह्या करतो.

प्रेमा गुणाजी नाबर
(सही)

प्रेमाताईंनी आमच्यासमोर वाचून सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. डॉ. ओजस पाटणकर (सही)
२. सौ. माणिक सावे (सही)

मुलुंड पूर्व, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५