तीन रविवारांचं मूळ

बाबा, तुमच्या मुळाची परीक्षा मी घेतली. विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून न विचारताच घेतली.

आदल्या दिवशी झाडाला अक्षता ठेवून आवतण द्यायचं, रविवारी उजाडताना खणायचं, आणि सांधे धरलेल्याला चिमूटभर पूड पाण्यातून द्यायची. पिशवी धरून मी तुमच्यामागे असायचे. एकदा काशीदची एक बाई चौथ्या खेपेला अंगणात येते आणि तुम्ही तिच्यावर खेकसता, "तीन रविवार म्हंजे तीनच! चौथा न्हाय." ती डोळे पुसत जाते. आत चुलीपाशी आई तीच पूड चहात ढवळते आहे, रोजच्यासारखी. मी तुम्हाला दाखवलं तर हसलात. "घरच्या मान्साला कसला रविवार? झाडपाल्यानं काय व्हतंय?"

आता मी मांडव्याहून बोटीने मुंबईला जाते. तिथल्या प्रयोगशाळेत आम्ही झाडपाल्याची औषधं उंदरांना देऊन पाहतो, वर्षानुवर्षं घेतली तर काय होतं ते. भावाने खणून दिलेलं मूळ मी रीतसर परवानगीने तिथे नेलं. काही उंदरांना तीनदाच दिलं, काहींना सहा महिने रोज, एकेकाला मुठीत धरून, नळीने घशाखाली. सगळे खात होते, पळत होते, वरून काही कळेना. उघडून पाहिले तेव्हा तीनदावाल्यांचं काही बिघडलं नव्हतं. रोजवाल्यांच्या किडन्या कोळंबीच्या सुकवलेल्या सोड्यांसारख्या आक्रसल्या होत्या. म्हणजे तुमचा नियम खरा होता, बाबा, आणि तो तुम्ही तुमच्याच बायकोला लावला नाहीत. मला तुमचा फार राग येतो.

आईच्या किडन्या गेल्या आहेत. कशाने, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि उंदरावरून माणसाचं छातीठोक सांगता येत नाही हे मीच नव्या मुलांना शिकवते. तरी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुजा उंदीर कंदी माज्यायेवडा जगलाय काय?" गेल्या आठवड्यापासून ती अलिबागला डायलिसिसला यायलाही तयार नाही. भाऊ म्हणतो, तिला त्रास देऊ नको. ती येत नाही म्हटल्यावर आता करण्यासारखं काही उरलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. गुडघे ठणकतात म्हणून काल दुपारी तिने पूड मागितली. मी खूप भांडले तिच्याशी, आणि मग माझ्याच हाताने दिली.