ज्युनियरचे साठ हप्ते

डेटन, ओहायो
सोमवार, ११ मार्च २०१९

प्रिय ल्युशस,

तू खुशाल असशील अशी आशा करतो. इथे थंडी अजून हटत नाही. तुझ्या आईचा गुडघा मात्र सुधारला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी चर्चच्या तळघरात तरुण जोडप्यांना क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी, वाचायला शिकवतो. विषय मोठा रंजक आहे! नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या तीन. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून रिपोर्ट फुकट मिळतो. आधी नाव, पत्ता, जन्मतारीख पाहावी, मग एकेक खातं. चूक दिसली तर लेखी हरकत घ्यावी, सोबत पुराव्याच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद कधीही देऊ नयेत.

जानेवारीत नमुना म्हणून माझाच रिपोर्ट मागवायचं ठरवलं, तेव्हा तुझी आई म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासलेस मास्तर, स्वतःचा एकदा तरी बघितलास का?"

नव्हता पाहिला. वेळेवर पैसे भरणाऱ्याला तपासायचं काय, असा माझा तोरा होता.

रिपोर्टमध्ये एका ट्रकचं कर्ज निघालं. २०१३ सालचं, साठ हप्त्यांचं. पहिले दोन हप्ते उशिरा, आणि पुढचे अठ्ठावन्न, मी बोट ठेवून मोजले, अगदी वेळेवर. खाली टोलीडोचा पत्ता. तू टोलीडोला राहतोस हे मला त्या कागदावरून कळलं.

आपल्या घराण्यात थोरल्या मुलाला बापाचं नाव देतात. तेव्हा आपला पत्ताही एकच होता. कर्ज देणाऱ्यांनी तुझ्या नावापुढचं 'ज्युनियर' गाळलं, आणि तुझं कर्ज माझ्या खाती चढलं. चूक एवढीच.

त्या वर्षी छतासाठी मागितलेलं कर्ज बँकेने 'ट्रकच्या कर्जाचे हप्ते थकले' असं कारण देऊन मला नाकारलं होतं. 'साठ दिवसांत रिपोर्ट फुकट मागवून खात्री करून घ्या,' असं त्याच पत्राच्या तळाशी छापलेलं होतं. मी तेवढी ओळ वाचली नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला भरल्या टेबलावर पत्र आपटून तुला म्हणालो, "माझ्या नावावर उधारी करून ट्रक उडवतोस? चोर कुठला!" तू म्हणालास, "पप्पा, नाव माझंही आहे." आणि पानावरून उठून गेलास.

तुला घरासाठी कर्ज मिळत नाही हे तुझ्या आईने सांगितलं. तुझ्या रिपोर्टमध्ये काही सापडतच नाही म्हणे. सापडणार कसं? तुझी सचोटी पाच वर्षं माझ्या नावावर जमा होत होती. फेब्रुवारीत दोघांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती जोडून मी हरकत घेतली आणि ती मान्य झाली. तुझं खातं निघताच माझ्या क्रेडिट स्कोअरमधले अकरा गुण उतरले. शनिवारी वर्गात तो उतरलेला आकडा मी फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, "हे अकरा गुण माझ्या मुलाचे आहेत." मध्ये तुझं काम सुटलं होतं हे आईकडून कळलं; तशात, पाठीशी बाप नसताना अठ्ठावन्न महिने न चुकणं मला तरी जमलं असतं का, कोण जाणे.

आता पुढचं तुझ्याच सहीने व्हायला हवं. कर्ज देणाऱ्यांना आणि तिन्ही कंपन्यांना लिही. ट्रकच्या करारनाम्याची आणि सोबतच्या निकालपत्राची प्रत जोड. पोचपावतीच्या टपालानेच पाठव. चौकशीला तीस दिवस लागतात आणि तुझी बँक पंधरा एप्रिलपर्यंतच थांबणार आहे, म्हणून याच आठवड्यात.

रिपोर्ट दुरुस्त झाला की आधी ज्यांच्याकडे चुकीचा गेला त्यांनाही कळवायला सांगता येतं. त्या टेबलाभोवती माझ्याखेरीज नऊजण होते. गेल्या आठवड्यात आठांना मी स्वतः सांगितलं: ल्युशसने चोरी केली नव्हती, खोटा मी होतो. तुझी आई एवढंच म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

नववा तू आहेस. तू चोर नव्हतास, बाळा.

तुझ्या नावाचा अभिमान असलेला,
तुझा बाप
ल्युशस टॉलिव्हर